खिडकी बदलू की घरच बदलू?

पत्र: ताई, आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. घर घेतलं तेव्हा समोरचा रस्ता साधा दोन पदरी होता, पुढे जाऊन संपायचा. मग तो रुंद झाला, पुढे हायवेला जोडला, आणि आता दिवसभर हॉर्न आणि रात्री अकरानंतर ट्रक, डंपर. हल्ली तर असं झालंय की रात्री दोनच्या सुमाराला डंपर यायच्या आधीच मी जागी असते, तो कधी येतोय याची वाट बघत. नवरा म्हणतो सवय होईल, तू फार मनावर घेतेस. त्याला उशीला डोकं टेकलं की झोप लागते. मुलगी शाळेत आहे, तिची अभ्यासाची खोली रस्त्याच्याच बाजूला. एक खिडकीवाला डबल काच बसवा म्हणतो, त्याचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो. सासूबाई म्हणतात जाड पडदे लावा, सोसायटीत काहीजण म्हणतात झाडं लावू, काहीजण स्पीडब्रेकर मागू म्हणतायत. मला मात्र वाटतं घर विकून टाकावं आणि मोकळं व्हावं. मी खरंच जास्त नाजूक आहे का? – बिनपगारी रात्रपाळी

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं खिडक्या-पडद्यांचं बोलणं त्याच्यावरच अडलंय असं पत्रावरून वाटतं. नाही, तुम्ही नाजूक नाही आहात. आवाजाची संवेदनशीलता माणसागणिक वेगळी असते हे खरं, काहींना कमी काहींना जास्त, पण ते काही नखरे नसतात, आणि ज्याला ऐकू येऊन त्रास होत नाही त्याच्या शरीरालाही होत नाही असं तर मुळीच नाही. झोपेच्या प्रयोगांमध्ये हे परत परत दिसलंय की बाहेरून मोठा आवाज आला की माणूस जागा नाही झाला तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, झोप खोलवरून वर येते, आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. 'सवय' होते ती मनाला, म्हणजे रोजचा आवाज आहे हे ठरवून टाकून जागं होणं कमी होतं. हृदय आणि रक्तदाब त्या मानाने फारच थोडे सरावतात. तेव्हा नवऱ्याला शांत झोप लागते याचं कौतुक करा, पण 'सवय होईल' हा उपाय म्हणून मान्य करू नका. आणि हो, हे वाक्य कापून त्यांच्या उशाशी ठेवू नका, भांडणात वापरायला मी ते लिहिलेलं नाही!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक पातळी दिली त्यात रस्त्याच्या आवाजासाठी म्हटलंय की रात्रीची सरासरी घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावी आणि दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून काढलेली सरासरी ५३ च्या खाली. भारताच्या २०००च्या नियमांतही रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ अशी मर्यादा आहे. आता सहा पदरी रस्त्याला लागून असलेल्या कुठल्याही इमारतीत उभं राहा, जगात कुठेही, हे आकडे पाळलेले दिसणं कठीण. त्याच संघटनेने २०११ मध्ये पश्चिम युरोपचा हिशोब मांडला होता, की वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची कमीत कमी १० लाख वर्षं वाया जातात, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा झोपमोडीचा, त्याखालोखाल नुसत्या वैतागाचा. म्हणजे 'मनावर घेणं' हाही आजाराच्या हिशोबात धरतात बरं का.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, डंपर यायच्या आधीच जागं असणं. १९७०च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोठे आवाज ऐकवत कामं करायला लावली. कधी येईल ते कळत नाही असा आवाज ठरलेल्या वेळी येणाऱ्या आवाजापेक्षा जास्त दमवणारा निघाला, आणि ज्यांच्यासमोर आवाज बंद करायचं बटण ठेवलं होतं, ते त्यांनी दाबलंही नाही तरी, नंतरच्या कामात बटण नसलेल्यांपेक्षा ते लोक बरे टिकले. तुमच्याकडे बटण नाही हा तुमचा खरा त्रास आहे. घर विकणं हे एकच बटण दिसतंय म्हणून मन सारखं तिकडेच धावतंय. तर आपण आधी दुसरी दोन-तीन बटणं शोधू, घर कुठे पळून जात नाही.

त्यासाठी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की 'रस्त्याचा आवाज' असा एक आवाज नसतोच. दोन असतात. एक ती घरघर, सगळ्या टायरांची आणि इंजिनांची मिळून होणारी, ती वाढते-उतरते पण थांबत नाही. आणि दुसरे धक्के, म्हणजे हॉर्न, सायलेन्सर काढलेली बाईक, चेंबरच्या झाकणावरून जाणारा डंपर, रिकाम्या ट्रकच्या फाळक्याचा खडखडाट. घरघर वैताग आणते, पण रात्री दोनला उठवतो तो धक्का. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात, घरघरीसाठी मोर्चा काढतात आणि धक्क्यांसाठी पडदे लावतात.

घरघर मोर्चाने का जात नाही ते सांगते. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. रस्त्यावरची वाहनं अगदी निम्मी झाली तरी आवाज उतरतो फक्त ३ डेसिबल, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे दहातलं एकच वाहन उरायला हवं! वाढत्या शहरात हे कोणी करून देणार नाहीये. वेग कमी केला तर मात्र फरक पडतो, ताशी ५० किलोमीटरवरून ३० वर आणला की ढोबळमानाने त्या निम्म्या वाहनांइतकाच, म्हणून पॅरिसने २०२१ मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा घातली, २०२४ मध्ये आपल्या रिंगरोडची मर्यादा ७० वरून ५० वर आणली. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सगळं शांत होईल असंही लोक म्हणतात, तर सिग्नलला आणि गल्लीत होईल, बाईक आणि बसच्या बाबतीत तर चांगलंच होईल, पण कारचा वेग तीस-चाळीसच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा टायरचा आवाजच मोठा असतो आणि टायर इलेक्ट्रिक गाडीलाही चारच असतात. तेव्हा घरघर अडवायची ती आपल्या भिंतीशी.

म्हणजे आली खिडकी. खिडकीवाल्याचं ऐकून काच बदलायच्या आधी एक काम करा, फुकटचं आहे. रात्री रहदारी चालू असताना सगळ्या खिडक्या बंद करा, दिवे-पंखे बंद करा, आणि कान चौकटीच्या अगदी जवळ नेऊन हळूहळू कडेने फिरवा. मधल्या काचेपाशी आवाज दबका असेल आणि कोपऱ्यात, दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथे, खालच्या ट्रॅकमधल्या पाणी जायच्या भोकांपाशी एकदम उघडा, चरचरीत येईल. तिथे कागदाची पट्टी सरकवून बघा. पट्टी आरामात आत गेली तर तुमचा प्रॉब्लेम काच नाहीच, फट आहे. हे लोकांना पटत नाही पण गणित फार निर्दयी आहे, खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट राहिली तर बाकी ९९ टक्के दगडी भिंत असली तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडतच नाही. चांगल्या डबल काचेने ३५ पर्यंत अडवायला हवेत आणि एका बोटभर फटीपायी ते सगळे पैसे वाऱ्यावर.

स्लायडिंग खिडक्यांचं हेच दुखणं आहे. त्या सरकायला हव्यात म्हणून सैल असतात आणि फटीत लावलेला तो केसाळ ब्रश काही वर्षांत झिजून टक्कल पडल्यासारखा होतो. तो ब्रश बदलून घ्या, चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉनने भरून घ्या (प्लास्टर पडलेलं असतं आणि वरून फक्त पट्टी मारलेली असते, ती काढून बघायला सांगा), एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्टचा फॅन, हे सगळं एकदा नजरेखालून घाला. बेडरूम बंद आणि बाथरूमची काचपट्टी सताड उघडी, आणि मग 'डबल काच लावूनही फरक नाही' म्हणणारे लोक मी बरेच बघितलेत. एवढं करून महिनाभर झोपून बघा. मग काचेचा विचार.

आणि काच घ्यायचीच झाली तर खिडकीवाल्याला नुसतं 'डबल ग्लास' म्हणू नका. बाजारातली नेहमीची डबल काच, म्हणजे दोन सारख्या जाडीच्या काचा आणि मध्ये सेंटिमीटरभर हवा, ही मुळात उष्णतेसाठी असते. ट्रकचा जो खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज असतो त्याला ती फारशी दाद देत नाही, कधीकधी तर एका जाड काचेच्या पुढेही जात नाही. तुम्हाला हवी ती दोन वेगळ्या जाडीच्या काचांची, त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लॅस्टिकचा थर असलेली, आणि चौकट शक्यतो दारासारखी उघडणारी, जी बंद करताना रबरी गास्केटवर दाबून बसते. याहून चांगला आणि पुष्कळदा स्वस्त पडणारा मार्ग म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी खिडकी बसवायची, दोन्हींच्या मध्ये शक्य झालं तर वीतभर नाहीतर निदान चार इंच जागा सोडून. दोन काचांमधलं अंतर जितकं जास्त तितका तो घुमणारा आवाज जास्त अडतो. आणि सगळ्या घराला लावायची गरज नाही हो, एका झोपायच्या खोलीला लावा. आकडा ऐकून गप्प बसलात ते बहुतेक पूर्ण फ्लॅटचं कोटेशन होतं.

एक अडचण आधीच सांगते. खिडकी घट्ट बंद झाली की हवा बंद होते. घट्ट खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली की सकाळी डोकं जड होतं आणि मग तिसऱ्या दिवशी तीच खिडकी उघडली जाते. म्हणून हवा शांत बाजूने यायची सोय आधी बघा, मागच्या खोलीची खिडकी उघडी आणि मधलं दार उघडं असं काहीतरी. खिडकी थोडी जरी उघडी राहिली तरी बाहेरचा आवाज साधारण १५ डेसिबलच काय तो कमी होऊन आत येतो.

त्यापेक्षाही सोपा प्रश्न मला विचारायचाय, तुमची बेडरूम रस्त्याच्या बाजूलाच का आहे? घराला मागची बाजू असेलच. मागच्या बाजूला मधे अख्खी इमारत आडवी येते आणि इमारतीएवढी चांगली भिंत कुठलाही खिडकीवाला देऊ शकत नाही. स्वीडनमध्ये यावर बराच अभ्यास झालाय आणि ज्यांच्या घराला एक शांत बाजू मिळते त्यांना, पुढच्या बाजूला तेवढाच गोंगाट असूनही, त्रास कमी होतो असं दिसलं. तेव्हा हॉल आणि बेडरूमची अदलाबदल करा. हॉल पुढे, झोप मागे. पाहुण्यांना विचित्र वाटेल, वाटू दे. ते रात्री दोनला तुमच्याकडे नसतात.

मुलीच्या खोलीचं तर हे आधी करा. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी एका शाळेचा अभ्यास केला, शाळेच्या एका बाजूने उंचावरून रेल्वे जायची. त्या बाजूच्या वर्गातली सहावीची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती, फरक जवळजवळ वर्षभराचा. पुढे रुळांखाली रबरी पॅड बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं साहित्य लावलं, आणि १९८१ च्या अभ्यासात तो फरक गेलेला होता. रेल्वे होती, रस्ता नव्हता, मान्य. पण रस्त्याचंही २०२२ मध्ये बार्सिलोनातल्या ३८ शाळांच्या अभ्यासात आलंय, जिथे रहदारीचा आवाज जास्त तिथे मुलांची लक्षात ठेवून काम करण्याची क्षमता सावकाश वाढत होती, आणि वर्गात आवाज सारखा वर-खाली होत असेल तर आणखी. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात घराच्या आवाजाचा तसा संबंध सापडला नाही. म्हणून 'मुलीचं वर्ष जाणार' अशी धास्ती घेऊ नका, तिचं टेबल मागे न्या आणि तिची शाळा कुठल्या रस्त्यावर आहे हे पालकसभेत विचारा.

सासूबाईंच्या पडद्यांबद्दल. जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज जरा मऊ वाटतो, पण बाहेरून येणारा ट्रक पडदा अडवत नाही. भिंतीला फोम चिकटवणं, अंड्यांचे ट्रे लावणं, तीच गोष्ट. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते, मऊपणा नाही. तरी पडदे लावा म्हणते मी, उजेड अडतो आणि सासूबाईंचंही राहतं. झाडांचंही असंच. एका रांगेतली झाडं आवाज जवळपास अडवत नाहीत, त्यासाठी पंचवीस-तीस मीटर रुंद दाट पट्टा लागतो, तो कोण देणार. सावलीसाठी जरूर लावा, रस्ता नजरेआड झाला की मनाला बरं वाटतं तेही खरं. आणि सोसायटीत कोणी रस्त्याकडेला भिंत उभी करायची आयडिया काढली तर पहिल्या-दुसऱ्या मजल्याला तिचा उपयोग होईल, तुम्हाला नाही, कारण भिंत तेव्हाच काम करते जेव्हा तिच्यामुळे रस्ता दिसेनासा होतो आणि सहाव्या मजल्यावरून तुम्हाला सगळा रस्ता लख्ख दिसतो.

इअरप्लगचं विचारलं नाहीत पण सांगते. फोमचे नीट पिळून, कान वर ओढून आत घातले तर वीसएक डेसिबल सहज उतरतात, बाहेरून नुसते टेकवले तर काही नाही. एका आड एक रात्र वापरा, स्वच्छ ठेवा, अलार्म ऐकू येतो का ते आधी बघा. पंख्याची किंवा पावसासारखी एकसारखी घरघर लावून ठेवली तर धक्का त्या मानाने लहान वाटतो, पण तीही हळूच, नाहीतर आपणच आपल्या खोलीत दुसरा रस्ता आणून ठेवल्यासारखं होतं.

आता धक्के. इथे मात्र पडदे-काचा सोडा आणि खाली उतरा. डंपर यायच्या आधी जाग्या असताच तर एका रात्री बाल्कनीत खुर्ची टाकून बसा आणि कान देऊन ऐका, तो आवाज नेमका कुठून येतो. मला जवळजवळ खात्री आहे की एक-दोन ठरलेल्या जागा निघतील. सैल चेंबरच्या झाकणाचा आवाज ओळखायला अगदी सोपा, धड-धड असा जोडीने येतो, पुढचं चाक आणि लगेच मागचं, आणि प्रत्येक गाडीला त्याच जागी. फ्लायओव्हरच्या जॉइंटचा त्याहून बारीक, टक-टक. खड्ड्याचा म्हणजे आधी टायर आपटतो आणि मग रिकाम्या ट्रकचा सगळा सांगाडा खणाणतो. स्पीडब्रेकर असेल तर ब्रेकची किंकाळी, मग खणखणाट, मग गिअर टाकून रेस केलेलं इंजिन, असे तीन आवाज एकाच्या किमतीत. म्हणून सोसायटीवाले स्पीडब्रेकर मागतायत त्याला तुमच्या इमारतीसमोर तरी विरोध करा. अपघात होत असतील तर प्रश्न वेगळा, पण आवाजासाठी स्पीडब्रेकर म्हणजे डंपरला तुमच्या खिडकीखाली थांबायचं आमंत्रण आहे.

जागा सापडली की तक्रार लिहा आणि त्यात 'ध्वनिप्रदूषणामुळे नागरिक त्रस्त' असलं काही लिहू नका. ते वाक्य वाचून कुठल्याच इंजिनिअरला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. असं लिहा: 'अमुक इमारतीच्या गेटसमोर, हायवेकडे जाणाऱ्या डाव्या लेनमध्ये चेंबरचं झाकण सैल आहे. जड वाहन गेलं की दोनदा आपटतं. रात्री ११ ते ५ मध्ये सर्वात जास्त. झाकण बदलावं किंवा चौकटीत रबरी पॅकिंग बसवून लेव्हल करावं. फोटो आणि व्हिडिओ सोबत.' हे एका गँगचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याला धोरण लागत नाही, कोर्ट लागत नाही, म्हणून ते होतं. झालं नाही तर त्याच तक्रारीच्या नंबरवर परत परत पाठपुरावा, प्रत्येक वेळी नवी तक्रार नको, नवी टाकली की घड्याळ परत शून्यावर येतं. सोसायटीच्या लेटरहेडवर, आणि शक्य झालं तर समोरच्या इमारतीलाही सोबत घेऊन, कारण झाकण त्यांनाही तेवढंच ऐकू येतं.

मोबाईलच्या ॲपने डेसिबल मोजले तर चालेल, चार-पाच डेसिबल इकडेतिकडे असतात आणि पुरावा म्हणून ते कोणी धरत नाही, पण कुठल्या वेळी किती वर जातो याची नोंद झाली की 'सर्टिफाइड मीटर घेऊन अमुक वेळेला या' असं नेमकं सांगता येतं. नाहीतर मोजणीवाले दुपारी तीनला येतात आणि सगळं ठीक आहे म्हणून लिहून जातात. सरासरी आणि सगळ्यात मोठा आवाज दोन्ही लिहून ठेवा. शांत रात्रीत एक डंपर आला तर तासाची सरासरी छान दिसते आणि तुम्ही मात्र जाग्या.

हॉर्नबद्दल फार लिहीत नाही, त्यावर आख्खं वेगळं सदर होईल. एवढंच की ते अशक्य नसतं, काठमांडूने २०१७ च्या एप्रिलपासून विनाकारण हॉर्न बंद केला आणि तो बऱ्याच अंशी बंद झाला. मुंबईत २०१९ च्या अखेरीला पोलिसांनी काही सिग्नलवर प्रयोग केला होता, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून, ते सगळ्यांनी व्हिडिओत बघितलं असेल. पण हे पोलिसांनी करायचं काम. तुम्ही बाल्कनीतून ओरडून काही होणार नाही, घसा बसेल. सायलेन्सर काढलेली बाईक रोज ठरलेल्या वेळी येत असेल तर नंबर आणि वेळ लिहून वाहतूक पोलिसांना द्या, नंबर नसेल तर त्यांनाही काही करता येत नाही. आणि रात्रीच्या डंपरचं एक बघा, ते कुठून येतात. वाढत्या शहरात डंपर म्हणजे जवळच कुठेतरी खोदकाम चालू असणार, त्या साइटची रात्रीच्या वाहतुकीची परवानगी आणि मार्ग काय ठरलाय ते विचारता येतं, आणि पुष्कळदा ठरलेला मार्ग वेगळाच निघतो, तुमच्या घरावरून शॉर्टकट मारलेला असतो.

एक तब्येतीचं. रस्ता शांत झाला तरी झोप कधीकधी परत येत नाही, कारण तोवर शरीराने जागं राहायचं शिकून घेतलेलं असतं. सगळं करूनही तीनेक महिने आठवड्यातल्या बहुतेक रात्री असंच चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा, रक्तदाब तपासून घ्या, आणि थेट झोपेची गोळी मागण्याऐवजी निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल विचारा, जुन्या निद्रानाशावर तोच पहिला उपचार मानतात. नवऱ्याचाही रक्तदाब त्याच फेरीत तपासून घ्या, जर तयार झाले तर.

राहिलं घर विकायचं. फट बुजवून, खोली मागे नेऊन, झाकण बसवून घेऊनही सहा-आठ महिन्यांनी तुम्ही तशाच असाल तर विका, त्यात हरल्यासारखं काही नाही, आणि तेव्हा निर्णय रात्री दोनचा नसेल. पण आत्ता घाईने घ्याल ते पुढचं घरही असंच निघेल ही मला भीती आहे, कारण घर लोक रविवारी सकाळी अकराला बघतात. रस्ता तेव्हा झोपलेला असतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी जा आणि एकदा रात्री बारानंतर जा, वॉचमनशी बोला, त्याच्याइतकी माहिती एजंटकडे नसते. चढ असेल तर सावध, भरलेला ट्रक चढावर सगळ्यात जास्त बोंबलतो. 'वरचा मजला घ्या, आवाज येत नाही' हे ऐकून फसू नका, वर गेलं की खालच्या भिंती-दुकानांचा आडोसा संपतो आणि लांबचे रस्तेही दिसायला लागतात, तुमचा सहावा मजला त्याला साक्षीदार आहे. काँक्रीटचा रस्ता डांबरीपेक्षा जास्त वाजतो. आणि शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा मिळवून बघा, खिडकीसमोर मोकळं मैदान दिसलं आणि एजंट 'व्ह्यू बघा व्ह्यू' म्हणाला तर त्या मैदानातून नकाशावर दोन समांतर रेषा गेल्यात का आणि त्यांच्यामध्ये किती मीटर लिहिलेत, ते वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.